एर्मिनिया मावशी गाडीत बसली

"पिशवीतली वाळू? अहो साहेब, पिशवीत कांदे येतात. पिशवीत पाव येतो. वाळू ट्रकमधून येते, ओली येते आणि मी ती सुकवते. साधी गोष्ट आहे."

"होती. साधी होती. दोना एर्मिनिया, ही वाळू कारखान्यातूनच सुकून येते. चाळूनही येते. पिशवी फोडली, डब्यात ओतली, झालं."

"मग मी काय करू? कात्री घेऊन बसू?"

"तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात. तुमचा खांदा..."

"खांद्याचं नाव काढू नका. त्यानं काही तक्रार केलीय तुमच्याकडे? अर्जबिर्ज दिलाय?"

मी दारात उभी होते. हातमोजे चढवत होते असं म्हणा. एक हातमोजा चढवायला मला त्या दिवशी चांगली दहा मिनिटं लागली.

पोर्तोत, मासारेलोसच्या आमच्या ट्रामशेडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात एक खोली आहे. तिथे एक लोखंडी भट्टी, तिच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा सपाट तवा, भिंतीला तीन चाळण्या. आणि एर्मिनिया मावशी. सत्तावीस वर्षं ती ट्रामसाठी वाळू सुकवते. लाकडी ट्राम, लोखंडी चाकं, लोखंडी रूळ आणि वर कार्मोपर्यंतचा तो उभा चढ. पाऊस पडला, झाडांची पानं रुळांवर कुजली की चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. मग चालकानं पायाखालचा खटका दाबायचा. बाकाखालच्या डब्यातली वाळू नळीतून चाकापुढे पडते, चाकाला पकड मिळते आणि गाडी चढते. पाहुणे, म्हणजे शहर बघायला आलेले लोक, खिडकीतून फोटो काढत असतात, त्यांना यातलं काही कळत नाही. कळायला नकोच. पण वाळू जराशी जरी दमट असली तरी नळीत गुठळी होते आणि मग खटका दाबून दाबून पाय दुखतो, गाडी तिथेच.

"माझी वाळू कधी अडकलीय?" मावशी तव्यावरची वाळू फावड्यानं उलटत म्हणाली. "सांगा ना. एकदा तरी?"

वाल्देमार साहेब, आमचे मुख्य इंजिनिअर, तसे सभ्य माणूस; मावशीला 'दोना', म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. दोष एवढाच की ते लिस्बनचे. आठ वर्षं झाली इथे येऊन, पण मावशीच्या हिशेबी ते अजून स्टेशनावरच उतरतायत.

"आमच्याकडेसुद्धा चढ आहेत," ते म्हणाले. "तिथे सगळीकडे हीच वाळू चालते."

"चढ असतील. धुकं आहे का आमच्यासारखं? पोर्तोचं धुकं पावाच्या डब्यात शिरतं साहेब, तुमच्या पिशवीत नाही शिरणार?"

"पिशवी बंद असते."

"नवऱ्याचं तोंडही बंद असतं. रविवारपर्यंत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता काहीतरी ठरणार.

"बरं. एक सांगा. तुम्ही कधी ट्राममध्ये बसला आहात?"

"सत्तावीस वर्षं ट्राममध्येच आहे मी."

"बसला आहात का, असं विचारतोय. बाकावर. तिकीट काढून. पाहुण्यासारखं."

मावशीचं फावडं थांबलं. मी तिला इतकी वर्षं पाहते आहे. ती ट्राममध्ये चढते ती मागच्या फळीवर, दोन हातांत दोन बादल्या घेऊन, आणि उभीच असते. बसलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"बसा," साहेब म्हणाले. "मंगळवार आणि बुधवार. दोनशे एकतीस नंबरची गाडी, सकाळची दहाची फेरी. एक दिवस डब्यात तुमची वाळू, एक दिवस पिशवीची. कुठल्या दिवशी कुठली ते मी भरीन, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तुम्ही बसायचं, ऐकायचं आणि गुरुवारी मला सांगायचं. तुमची चांगली निघाली तर भट्टी राहील. पिशवीची चांगली निघाली, तर भट्टी बंद. पण चालकाला तुमचा पत्ता लागता कामा नये. तुम्ही दिसलात की सगळे मांजरीच्या पावलांनी गाडी चालवतात."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तुम्ही?" साहेब म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून निघून गेले.

मी दारातून बाजूला झाले, हातमोजा तोंडात धरून. दोनशे एकतीसची सकाळची चालक मीच. हे मी ऐकलंच नाही असं मी आजही शपथेवर सांगेन, पण मग त्या दोन दिवसांत मी काय पाहिलं तेही सांगता येणार नाही.

मावशीबद्दल थोडं सांगते. ती नदीपलीकडची, आफुरादाची. कोळ्याची पोर. वाऱ्यावर मासे सुकवत मोठी झाली. चौतिसाव्या वर्षी शेडमध्ये गाड्या झाडायला लागली. तेव्हा वाळूचं काम किंतीनो नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं, धुळीनं त्याची छाती गेली होती. मासे सुकवणारी पोर वाळूही सुकवेल म्हणून त्यानं त्याच वर्षी तिलाच धरलं. मूठभर वाळू घ्यायची, मूठ उघडायची. तळहाताच्या रेषांत एक कणही चिकटला, तर पुन्हा तव्यावर. एवढंच त्यानं शिकवलं. बाकीचं ती ऐकून शिकली. तिचं घर चढाच्या मध्यावर, तळमजल्याला. स्वयंपाकघराची खिडकी रुळांपासून हाताच्या अंतरावर. गाडी गेली की फळीवरचे कप वाजतात. नवरा पूर्वी जहाजावर गेला आणि रॉटरडॅमलाच राहिला. आता तिच्या बोलण्यात तो फक्त 'तो डच' म्हणून येतो. तेव्हापासून त्या खिडकीशी सोबत म्हणजे आमच्या गाड्या. कोबीचं सूप ढवळता ढवळता ती नुसत्या आवाजावरून सांगते, कोण चालवतंय. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्यावर आम्हाला हजेरी, बहुधा मलाच:

"काय गं बेनेदिता, काल साडेचारला घाई कसली होती? कप फुटला माझा."

"तुमचाच कप कसा फुटतो दर वेळी?"

"कारण फळीवर तोच एक उरलाय, मेले."

मंगळवारी पाऊस रिमझिम होता, पानं रुळांना चिकटली होती. मी मुद्दाम मागे पाहिलंच नाही. अगदी नाही कसं म्हणू, आरशात एकदा पाहिलं. शेवटच्या बाकावर एक बाई, काळा चष्मा, रुंद गवती टोपी, टोपीला निळी फीत. नोव्हेंबरात गवताची टोपी! म्हटलं असेल कुणी पाहुणी, पाहुणे काहीही घालतात, मागच्या आठवड्यात एकजण या थंडीत नुसत्या चपला घालून आला होता. मावशी आलीच नाही, घाबरली, असं मी मनात धरलं. गाडी छान चढली. नळीतून वाळू सळसळत पडली. वर कार्मोला पोहोचल्यावर मी टपावरचा, तारेला टेकणारा विजेचा दांडा फिरवायला उतरले, तोवर टोपीवाली बाई गर्दीत मिसळली होती.

बुधवारी टोपी पुन्हा आली. या वेळी पुढून तिसऱ्या बाकावर. तिच्या शेजारच्या बाकावर दोन ब्राझिली पाहुणे, नवराबायको, दोघंही सत्तरीचे, अंगात एकसारखे रेनकोट. चालकाला पाठीमागचं सगळं ऐकू येतं. ऐकू न येण्याची सोयच नाही.

"पहिल्यांदाच आलात का हो पोर्तोला?" ब्राझिली बाईंनी विचारलं.

"हो. पहिल्यांदाच."

आवाज ओळखीचा वाटला, पण घोगरा होता, कुणीतरी मुद्दाम घशातून काढल्यासारखा.

"कुठून आलात?"

मग जीभ भाजल्यासारखा एक शब्द आला.

"लिस्बनहून."

"अय्या! आम्ही कालच तिथून आलो. काय गोड ट्राम आहेत तुमच्या!"

"अतिगोड. दात किडतात."

"तुम्ही कुठल्या भागात राहता?"

"नदीजवळ."

"नदी तर केवढी मोठी आहे तिथे!"

"म्हणून तर घर सापडत नाही मला," टोपी म्हणाली. नवरा इतका हसला की त्याला खोकला आला.

गाडी चढाला लागली. चौथं झाड आलं. मी नेहमीप्रमाणे खटका दाबला. सर्र झालं, मग खर्र, मग काही नाही. पुन्हा दाबला. तोवर एका घराचं निळं दार आलं, चाकं ओल्या पानांवर जागच्या जागी फिरली, गाडी एक हिसका देऊन उभी राहिली. हाताचा ब्रेक ओढला.

"आत्ता कशाला टाकतेस गं! ती जागा मागं गेली की!" टोपी म्हणाली.

"काही म्हणालात?" ब्राझिली बाई.

"खोकले."

मी तिसऱ्यांदा दाबला, गुठळी सुटली, वाळू पडली, आणि गाडी कुरकुरत, उसासे टाकत वर आली. कार्मोच्या शेवटच्या थांब्यावर मी खाली उतरले, दोरी धरून विजेचा दांडा गाडीच्या दुसऱ्या टोकाकडे फिरवू लागले. आता गाडी उलटी जाणार. आत पाहुणे अजून आपापल्या पिशव्या शोधत होते. आणि मला आवाज आला.

खट्. खट्. खट्. खट्.

आमच्या गाड्यांच्या बाकांच्या पाठी फिरतात. गाडी उलटी निघायच्या आधी त्या सगळ्या पुढून मागे ढकलायच्या, म्हणजे लोकांची तोंडं पुढच्या बाजूला होतात. शेडमध्ये गाडी झाडणाऱ्याचं हे पहिलं काम. पाहुण्यांना बाकाची पाठ फिरते हेच ठाऊक नसतं. खिडकीतून पाहिलं तर गवती टोपी पुढून मागे चालली होती, डाव्या हातानं डावीकडचा बाक, उजव्या हातानं उजवीकडचा, न बघता, न थांबता. तिसऱ्या बाकाशी ब्राझिली गृहस्थ अजून बसलेच होते. तिनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"उठा बाबा, शेवटचा थांबा."

मी दारात उभी राहिले. "एर्मिनिया मावशी!"

टोपी गोठली. हात बाकावरच.

"मी लिस्बनची आहे," ती हळूच म्हणाली.

"हो का? लिस्बनला बाक कोण फिरवतं, आल्या आल्या?"

काळा चष्मा खाली आला. "सत्यानाश. हातांनी केलं गं हे. मी काही केलं नाही." मग ती एकदम माझ्या बाहीला लोंबकळली. "बेने, तू मला पाहिलं नाहीस. चालकाला कळलं तर परीक्षा रद्द. रद्द झाली तर तो साहेब पुन्हा पिशव्यांचंच पुराण लावील."

"नोव्हेंबरात गवताची टोपी घालून परीक्षा देतात?"

"पाहुणे टोपी घालतात. मी सत्तावीस वर्षं बघतेय."

ब्राझिली बाईंनी मान वर करून विचारलं, "मग तुम्ही लिस्बनच्या नाही?"

"देवाशपथ नाही," मावशी म्हणाली, इतक्या मोकळेपणानं की दोघंही तिच्याशी हस्तांदोलन करून उतरले.

खाली येताना ती बसली, माझ्या पाठीमागच्या बाकावर, खिडकीला गाल लावून. हे तिच्या बाबतीत इतकं विचित्र होतं की मी दोनदा आरशात पाहिलं.

"काय झालं?"

"बसलं की नदी दिसते गं."

"मग? नेहमीच दिसते."

"तुला दिसते. मला बादल्या दिसतात." बोटानं काचेवर तिनं धुकं पुसलं. पलीकडचा काठ दिसला, आफुरादाची घरं, वाळत टाकलेल्या चादरी, पावसातही कुणी काढल्या नव्हत्या. "ते आमचं घर होतं. तिथून मी या गाड्या बघायची. वाटायचं, आतले लोक श्रीमंत असणार, बसून चाललेत."

मग तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"आणि तू! चौथ्या झाडाला कशाला वाळू टाकतेस? तिथं गाडी घसरतच नाही. तिथं नुसता आवाज येतो, वरच्या फांद्यांवरचं पाणी टपावर ठिबकतं म्हणून. घसरते ती निळ्या दाराशी. तिथल्या अंगणाचं पाणी रुळावर येतं. पण निळ्या दाराशी टाकायची नाही. त्याच्या आधी, पत्रपेटीपाशी. चाकानं वाळू उचलून न्यायला हवी तिथवर."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"किंतीनोनं मला सांगितलं नाही. खिडकीनं सांगितलं. रोज दहा गाड्या त्याच जागी घसरतात, रोज दहा जणं चुकीच्या जागी वाळू ओततात. मला वाटायचं, तुम्हाला कळतच असेल."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कपांबद्दल बोलत होते की."

खाली शेडपाशी आल्यावर ती उतरली नाही. पुढच्या फेरीला तशीच बसून राहिली, पुन्हा तिकीट काढायला निघाली होती, मी हात धरला. चढावर पत्रपेटी दिसली आणि माझ्या खांद्यावर तिचं बोट पडलं.

"आता."

मी खटका दाबला. अर्धा. गाडी निळ्या दारावरून अशी गेली की मावशीच्या स्वयंपाकघरातले कपही वाजले नसतील. मी चालक होऊन सहा वर्षं झाली, आणि त्या चढावर पहिल्यांदा मला बरोबर वाटलं.

गुरुवारी सकाळी भट्टी थंड होती. मावशीनं पेटवलीच नव्हती. ती एप्रन बांधून तव्याशेजारी उभी होती, गवती टोपी खिळ्याला. साहेब आले. मी पुन्हा दारात. या वेळी हातमोजे घरीच होते, त्यामुळे नुसतीच उभी राहिले.

"बोला," साहेब म्हणाले. "कुठल्या दिवशी कुठली?"

"मंगळवारी पिशवीची. बुधवारी माझी."

साहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, उघडला, मान हलवली. "बरोबर. कसं ओळखलंत?"

"आवाजावरून." तिनं तव्यावर तळहात ठेवला, थंड तव्यावर. "पिशवीची चांगली आहे."

साहेबांनी कागदाची पुन्हा घडी केली. त्यांनी बहुतेक भांडणाची तयारी करून आणली होती आणि ती आता कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

"मंगळवारी एकसारखी पडली," मावशी म्हणाली. "बुधवारी माझ्या वाळूची गुठळी झाली. दोनदा. मी ती तव्यावरून लवकर उतरवली होती. खांदा दुखत होता. आता अर्ज आला म्हणा त्याचा." ती हसली, पण डोळे तव्यावरच. "तर काय, भट्टी बंद. ठरलं होतं. शब्द तुमचा होता, खरं बोलणं माझं होतं."

मला राहवलं नाही. "साहेब, वाळू पिशवीची असो नाहीतर हिची, आम्ही ती टाकतो कुठे ते विचारा! चौथ्या झाडाला! सगळेच! आणि घसरतं कुठे, निळ्या दाराशी! हिनं मला..."

"बेनेदिता, तू मला पाहिलं नाहीस," मावशी गुरगुरली.

"पाहिलं. बाक फिरवताना पाहिलं. करा परीक्षा रद्द."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. सगळं विचारून घेतलं, झाडं कुठली, दार कुठलं, पत्रपेटी किती पावलांवर. मावशी आधी तुटक बोलत होती; मग हात हलायला लागले; मग तिनं जमिनीवर सांडलेल्या ओल्या वाळूत बोटानं चढ काढला, वळण काढलं, स्वतःची खिडकी काढली. साहेब गुडघ्यावर बसून बघत होते. त्यांची विजार भिजली तरी लक्ष नव्हतं.

"म्हणजे आमचे चालक," ते म्हणाले, "वर्षानुवर्षं चुकीच्या जागी..."

"चुकीच्या नाही. अर्ध्या चुकीच्या. प्रत्येकाची चूक वेगळी आहे. झिल्दू वळणावर घाबरतो. ही पोरगी झाडाला घाबरते. नवा आलाय तो कशालाच घाबरत नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते."

साहेब उठले. गुडघे झटकले. "दोना एर्मिनिया, भट्टी बंद होणार. शब्द दिला तो दिला. पण हा चढ शिकवायला मला माणूस हवं आहे. रोज एका चालकाबरोबर. पाहुण्यांसारखं बाकावर बसायचं, ऐकायचं, खांद्यावर बोट ठेवायचं. बादल्या नाहीत. फावडं नाही."

"तिकीट काढून?"

"बिनतिकीट."

"आणि लोकांनी विचारलं, कुठून आलात, तर काय सांगू?"

"खरं सांगा."

"की देवाशपथ लिस्बनची नाही? तुमच्यासमोर बरं दिसेल?" मावशी म्हणाली. साहेब पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. लिस्बनचा माणूस इतका हसू शकतो हे शेडमध्ये आजवर कुणाला माहीत नव्हतं.

मग ते एकदम गंभीर झाले. "मला आज सांगायला हवं. वरती कळवायचंय. येणार की नाही? हो म्हणा, नाही म्हणा, पण सांगा."

मावशीनं एप्रनची गाठ सोडली. एप्रनची घडी करून तव्यावर ठेवली, चारी कोपरे जुळवून. भट्टीचं छोटं दार उघडून आत पाहिलं, राख होती, दार लावलं. एक मूठ वाळू उचलली, मूठ उघडली, तळहाताकडे पाहिलं आणि हात झटकला.

बाहेर अंगणात साडेनऊच्या गाडीची घंटा झाली. झिल्दूची फेरी.

"दोना एर्मिनिया? हो की नाही?"

तिनं खिळ्यावरची गवती टोपी काढली, निळी फीत मागे येईल अशी डोक्यावर बसवली, आणि पावसात चालायला लागली, गाडीकडे.